वरचे ड्रॉवर कडक, खालचे मऊ: चिपळूणमधल्या एका उभ्या फ्रीझरची केस

तक्रार फोनवर आली ती अशी: "फ्रीझर कूलिंग करत नाही. गॅस गेलाय म्हणतात, भरून द्या." चिपळूणच्या बाजारपेठेमागे राहणारं कुटुंब, अडीचशे लिटरच्या आसपासचा उभा फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर, जुलैचा मध्य. आधी येऊन गेलेल्या मेकॅनिकने कॉम्प्रेसर थांबतच नाही हे बघून गॅसचं निदान केलं होतं आणि साडेतीन हजारांचा आकडा सांगितला होता. बोलता बोलता काकूंनी आणखी एक गोष्ट सांगितली. मागच्या पावसाळ्यातही असंच झालं होतं. तेव्हा दुसऱ्या कुणीतरी आतला हीटर बदलून दिला आणि काम झालं होतं.

मला गॅसपेक्षा ही हीटरची गोष्ट जास्त खटकली. डीफ्रॉस्टचा हीटर सहसा वर्षानुवर्षं चालतो. तो एका वर्षात पुन्हा गेला असेल, तर त्याला कोणीतरी मारतंय.

फ्रीझरमध्ये काय होतं तेही सांगायला हवं, कारण घाई त्याचीच होती. मे महिन्यात काढून ठेवलेला आमरस, फणसाचे गरे, ओलं खोबरं आणि एक अख्खा ड्रॉवर भरून मासे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. खाणारी घरं त्याआधीच सुरमई, पापलेट, कोळंबी साफ करून फ्रीझरमध्ये भरतात. जुलैच्या मध्याला असा फ्रीझर बसला तर नुसतं मशीन बिघडत नाही, पुढच्या पंधरा-वीस दिवसांचं जेवणही बिघडतं.

फोनवरच विचारायचे प्रश्न

उभे फ्रीझर दोन जातीचे असतात. एकात कप्प्यांच्या जाळ्या म्हणजेच कॉइल (थंडी तयार करणारी नळी) असते, बर्फ डोळ्यांसमोर धरतो आणि तो हाताने वितळवावा लागतो. दुसरा फ्रॉस्ट-फ्री: कॉइल मागच्या पॅनेलआड लपलेली, पंखा हवा फिरवतो आणि ठराविक वेळाने हीटर लागून बर्फ वितळतो. दोघांची दुखणी वेगळी. त्यामुळे आधी विचारलं, "आत बर्फ दिसतो का?" "नाही, आत स्वच्छ आहे, फक्त मागच्या प्लास्टिकवर खालच्या बाजूला थोडा चिकटलाय." म्हणजे फ्रॉस्ट-फ्री, आणि बर्फ पॅनेलच्या आतून बाहेर यायला लागलेला.

मग विचारलं, सगळे ड्रॉवर सारखेच मऊ पडलेत का? उत्तर आलं, वरचे दोन अजून कडक आहेत, खालचे दोन पार मऊ, मधले अधेमधे.

गॅस कमी झाल्याचा संशय इथेच अर्धा मावळतो. या फ्रीझरमध्ये पंखा कॉइलच्या वरच्या टोकाला असतो. तो हवा कॉइलमधून वर ओढतो, वरच्या कप्प्यांत फेकतो, आणि ती ड्रॉवरांच्या बाजूने खाली उतरून तळातल्या जाळीतून परत कॉइलकडे जाते. कॉइलच्या पट्ट्यांमध्ये बर्फ दाटला की हवेला वाट उरत नाही. जी थोडी पंख्यापर्यंत पोचते ती वरच्या ड्रॉवरांना मिळते, खाली काही उतरत नाही. गॅस गेलेला असता तर थंडपणा सगळीकडे हळूहळू उतरला असता, वर-खाली एवढा फरक पडला नसता.

तिसरा प्रश्न मी नेहमी विचारतो आणि लोक त्याला हसतात: हे सुरू व्हायच्या आधी घरात काय बदललं? फोनवर काकू म्हणाल्या, "काही नाही हो, फ्रीझर तोच, जागा तीच." ते उत्तर पूर्ण बरोबर नव्हतं, पण ते नंतर कळलं.

तोवर काय करायचं? दार उघडून बघत बसू नका, एवढंच सांगितलं. काठोकाठ भरलेला फ्रीझर वीज गेली तरी दार बंद असेल तर साधारण ४८ तास माल गोठलेला ठेवतो, अर्धा भरलेला २४ तास. इथे थोडी का होईना थंडी तयार होत होती, म्हणजे वेळ हाताशी होता.

पॅनेल काढायच्या आधी

घरी गेल्यावर पहिलं काम पाठीमागची प्लेट वाचणं. गॅस आर-६००ए, वजन पन्नास ग्रॅमच्या थोडं वर. घरगुती फ्रीजमध्ये हल्ली बहुतेक हाच असतो: आयसोब्युटेन, स्वयंपाकाच्या गॅसचा भाऊबंद, तसाच ज्वालाग्राही.

या गॅसची एक खोड अनेक मेकॅनिक विसरतात. आयसोब्युटेन वातावरणाच्या दाबाला उणे ११.७ अंशांवर उकळतो. फ्रीझरची कॉइल चालते उणे पंचवीसच्या आसपास, म्हणजे तिच्यातला दाब वातावरणापेक्षा बराच कमी असतो, जवळजवळ निम्मा. चालत्या मशीनच्या सक्शन लाइनला (कॉइलकडून कॉम्प्रेसरकडे गॅस नेणाऱ्या नळीला) टोचून व्हॉल्व्ह लावला आणि तो जरा जरी गळला, तर गॅस बाहेर यायच्या ऐवजी बाहेरची हवा आणि ओल आत ओढली जाते. नुसता दाब बघण्यासाठी बंद सर्किट फोडायचं आणि धडधाकट मशीन आजारी करायचं, असा तो प्रकार. शिवाय पन्नास-साठ ग्रॅम गॅस दाबाचा गेज बघून भरता येत नाही, ग्रॅममध्ये मोजणाऱ्या काट्यावरच भरावा लागतो. ज्याच्या पिशवीत असा काटा नाही, त्याने आर-६००ए भरतो म्हणू नये. आधीच्या माणसाने टोचलं नव्हतं, हे काकूंचं नशीब.

बंद सर्किटला हात न लावता जे कळतं ते सगळं आधी काढून घेतलं. दोन्ही बाजूंचे पत्रे चांगले गरम होते. कंडेन्सरची नळी याच पत्र्यांच्या आत असते, आणि गॅस नसताना ते घरातल्या भिंतीइतकेच राहतात. कॉम्प्रेसरचा करंट क्लॅम्प मीटरवर नेहमीसारखा. दाराचा स्विच बोटाने दाबून धरला की पंख्याचा आवाज यायचा, पण घोगरा, पाती कशाला तरी घासत असल्यासारखा. थर्मामीटर पाकिटांच्या मध्ये खुपसून ठेवला: वरच्या ड्रॉवरमध्ये उणे ११, सर्वात खालच्यात उणे २.

व्होल्टेजही बघितलं. कोकणात पावसाळ्यात हे टाळून चालत नाही, कारण हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने पडते. २३० व्होल्टला १५० वॅट देणारा हीटर १८० व्होल्टला जेमतेम ९२ वॅट देतो. कॉम्प्रेसर कण्हत का होईना चालतो, त्यामुळे घरच्यांना काही कळत नाही, पण डीफ्रॉस्ट अर्धवट राहत जातो. इथे भिंतीत २०५ होते, स्टॅबिलायझरच्या पुढे २२५. तो संशय तिथेच संपला.

माल

फ्रीझर बंद करायचा तर मालाची सोय आधी. वरच्या दोन ड्रॉवरांतलं सगळं आणि मधल्यातलं कडक असलेलं शेजारच्यांच्या फ्रीझरमध्ये आणि बर्फ भरलेल्या थर्माकोलच्या पेटीत गेलं. ती पेटी मासळीवाल्यांकडची, चिपळुणात मागितली की मिळते. खालच्या ड्रॉवरांसाठी नियम साधा लावला. पाकीट दाबल्यावर आत बर्फाचे खडे लागत असतील तर ते पुन्हा गोठवायला हरकत नाही. आमरस त्यात पास झाला, चव थोडी उतरेल एवढंच. कोळंबी पूर्ण सुटली होती, पण हाताला गार होती. ती परत गोठवू नका, आजच करा म्हटलं. काकू म्हणाल्या, "आज चतुर्थी आहे." मग ती शेजारच्यांना गेली, आणि मला वाटतं शेजारच्यांनी त्या दिवशी फ्रीझरमध्ये जागा एवढ्या आनंदाने का दिली ते त्यातच आलं.

दोन प्रकारचा बर्फ

प्लग काढला, खिडक्या उघडल्या, ड्रॉवर बाहेर घेतले आणि मागच्या पॅनेलचे स्क्रू सोडले. पॅनेल लगेच सुटलं नाही, खालच्या कडेला बर्फाने धरून ठेवलं होतं. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं त्या कडेवर धरत गेलो तेव्हा ते सैल झालं. इथे स्क्रू ड्रायव्हरने उचकटायचा मोह होतो. कॉइल अॅल्युमिनियमची, पॅनेलपासून बोटभर अंतरावर, आणि तिच्यात ज्वालाग्राही गॅस. फ्रीजला पडलेली बरीचशी पंक्चर घरातल्या सुरीने किंवा मेकॅनिकच्या स्क्रू ड्रायव्हरनेच पडलेली असतात.

पॅनेल निघाल्यावर जे दिसलं ते मी सावकाश बघून घेतलं, कारण वितळलं की पुरावा गेला.

कॉइलच्या वरच्या दोन-तृतीयांश भागावर पांढरा, भुसभुशीत बर्फ होता, ताज्या किसलेल्या नारळासारखा, बोटाने दाबला की चुरणारा. पट्ट्या पूर्ण झाकलेल्या, आणि तो थर वर पंख्याच्या पात्यांपर्यंत पोचलेला. घोगरा आवाज त्याचाच. खालच्या भागात चित्र वेगळं. तिथे बर्फ पारदर्शक, काचेसारखा, दगडासारखा कडक. कॉइलखालची पन्हळ त्याने काठोकाठ भरली होती आणि पन्हळीच्या वर आडवा बसणारा काचेच्या नळीचा हीटर त्याच्या आत गाडला गेला होता. टॉर्च मारला की नळी आत स्पष्ट दिसत होती.

पांढरा बर्फ म्हणजे हवेतली ओल थेट कॉइलवर जमलेली, ती अजून एकदाही वितळलेली नाही. पारदर्शक बर्फ म्हणजे आधी पाणी झालेलं आणि मग पुन्हा गोठलेलं. पाणी झालं म्हणजे त्या काळात हीटर चालत होता. तेव्हा क्रम असा लागतो: हीटर जिवंत असताना पन्हळीतलं पाणी बाहेर जाईना, ते तिथेच गोठत गेलं, थर वाढत हीटरपर्यंत आला, मग हीटर गेला, आणि त्यानंतर वरचा पांढरा बर्फ बिनविरोध साचला. हीटर आधी गेला असता तर खालीही पांढराच बर्फ मिळाला असता.

कॉइल वरपासून खालपर्यंत पूर्ण झाकलेली होती, हेही नोंदवण्यासारखं. गॅस कमी असलेल्या मशीनमध्ये सुरुवातीच्या एक-दोन वळणांवरच बर्फ धरतो आणि पुढची कॉइल कोरडी राहते. इथे प्रत्येक वळण गोठलं होतं. गॅसचा प्रश्न इथे कायमचा मिटला.

काकांनी विचारलं, "टायमर फिरवून हीटर चार-पाच वेळा लावला असता तर निघालं नसतं का सगळं?" हीटर जिवंत असता तरी नसतं निघालं. एक किलो बर्फ वितळवायला सुमारे ३३४ किलोज्यूल लागतात. १५० वॅटचा हीटर वीस मिनिटांत १८० किलोज्यूल देतो, म्हणजे एकही कण वाया गेला नाही असं धरलं तरी अर्धा किलो. पन्हळीतून आणि कॉइलवरून आम्ही नंतर जे पाणी काढलं त्याने बादली चांगली भरत आली होती. हीटर रोजच्या दवावर मात करण्यापुरता असतो, साचलेली लादी फोडणं त्याच्या ताकदीबाहेरचं आहे.

वितळवणं आणि तपासणी

टेबल फॅन समोर लावला, आत तळाला गरम पाण्याची पातेली ठेवली, दाराशी जुनी धोतरं अंथरली. हीट गन माझ्याकडे आहे, पण आर-६००एच्या कॉइलवर ती वापरत नाही. नळी कुठे पातळ झाली असेल सांगता येत नाही, आणि आतलं प्लास्टिक तर नक्की वाकडं होतं. फ्रीझरच्या खोक्यात उदबत्तीही नको. दुपार त्यात गेली.

तेवढ्या वेळात सुटे भाग तपासले. हीटरवर मीटर लावला, काही नाही. १५० वॅटचा हीटर २३० व्होल्टला साडेतीनशे ओहमच्या जवळ दाखवायला हवा, हा उघडा होता, म्हणजे आतली तार तुटलेली. नळी हातात आली तेव्हा एका टोकाला केसाएवढी चीर आणि आत काळपट डाग. तापलेल्या काचेला गार पाणी लागत राहिलं की हेच होतं. थर्मल फ्यूज, म्हणजे फार तापलं तर हीटरची लाइन तोडणारा, तो ठीक.

बायमेटलची तपासणी मात्र नीट करायला हवी, कारण हा बिचारा सर्वात जास्त वेळा उगीच बदलला जातो. बायमेटल म्हणजे तापमानावर चालणारा स्विच, तो कॉइलला चिकटलेला असतो. कॉइल खूप थंड असताना तो सर्किट जोडतो, आणि डीफ्रॉस्टमध्ये कॉइल शून्याच्या बऱ्यापैकी वर गेली की तोडतो. त्यामुळे खोलीतल्या हवेत तो नेहमी उघडाच दाखवणार. ते त्याचं काम आहे. मीटर लावायचा, "गेलाय" म्हणायचं आणि नवा टाकायचा, हे मी किती ठिकाणी पाहिलंय. तो थंड करून तपासायचा. काकूंकडून स्टीलचं भांडं, बर्फाचा चुरा आणि मूठभर जाडं मीठ घेतलं. मीठ घातलेला बर्फ शून्याच्या खूप खाली जातो, उणे पंधरापर्यंत सहज. बायमेटल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून त्यात दाबला, वायरी बाहेर, मीटर कंटिन्युइटीवर. थोडा वेळ काही नाही. मग हाताला जाणवेल असं बारीक टक झालं आणि मीटर वाजायला लागला. बाहेर काढून टेबलावर ठेवला, पुन्हा टक, मीटर गप्प. घरातल्या छोट्या मुलाने तो खेळ पुन्हा करून मागितला, तेव्हा तोही करून दाखवला. बायमेटल ठणठणीत.

टायमर साधा, मोटरवाला. खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालून हळू फिरवला की एका जागी टक होतं, कॉम्प्रेसरची लाइन सुटते आणि हीटरची जोडली जाते. दोन्ही बाजू बरोबर. मोटर फिरतेय हे बघण्यासाठी खाचेवर पेनाने खूण केली आणि तो वीजेवर ठेवला. संध्याकाळपर्यंत खूण सरकली होती.

राहिलं ड्रेन. पन्हळीतला बर्फ सुटल्यावर भोकात सिरिंजने कोमट पाणी सोडलं. मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये धार पडली, स्वच्छ. भोक तुंबलेलं नव्हतंच. हीटरवरून भोकात उतरणारी अॅल्युमिनियमची पट्टीही जागेवर होती. मग पाणी अडलं कुठे? वाटीभर पाणी पन्हळीत ओतलं आणि टॉर्च धरला. मागच्या बाजूचं पाणी भोकातून गेलं. उरलेलं पन्हळीच्या पुढच्या कडेला रेष धरून तसंच उभं राहिलं. भोक मागे, पाणी पुढे.

ओटा

पाणसळ फ्रीझरच्या माथ्यावर ठेवली. बुडबुडा मागच्या टोकाला. फ्रीझर पुढे झुकलेला होता, मागून पुढे दोन फुटांत अर्धा इंच.

दार अर्धं उघडून सोडलं. ते बंद व्हायच्या ऐवजी हळूच आणखी उघडलं. दार पूर्ण दाबून लावलं की रबर घट्ट बसत होतं. चारही बाजूंना नोट अडकवून ओढली, सगळीकडे सारखी धरत होती, म्हणजे रबर निर्दोष. पण जोर कमी पडला की दार टेकल्यासारखं दिसायचं आणि खालच्या कोपऱ्यात पेन्सिल जाईल एवढी फट राहायची.

मग फोनवरचा प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी फ्रीझरच्या पायांकडे बोट दाखवून. तेव्हा गोष्ट बाहेर आली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, तळमजले बुडाले, त्यात यांचा जुना फ्रीज गेला. हा फ्रीझर त्यानंतरचा. तो आधी लोखंडी स्टँडवर होता. स्टँड गंजला म्हणून मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात गवंड्याकडून दोन फुटी पक्का ओटा बांधून घेतला आणि वर टाइल्स लावल्या. २०२१ च्या पाण्यापुढे दोन फुटांचा ओटा काय टिकणार, पण दरवर्षीच्या घोटाभर पाण्यापासून वाचतो, त्यामुळे असे ओटे आता चिपळुणात घरोघरी आहेत. ओट्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात पहिला हीटर गेला, दुसऱ्यात दुसरा. स्टँडवर होता तोवर तक्रार एकही नव्हती.

गवंड्याने कामात काही कसूर केली नव्हती. ओटा म्हटल्यावर त्याच्या हाताने सवयीने ढाळ दिला, फुटाला पाव इंच, पुढच्या बाजूला, मोरीला देतात तसा. धुतलेलं पाणी वाहून जावं म्हणून. काका म्हणाले, "मीच सांगितलं होतं त्याला, पाणी साचता कामा नये." त्याला वर फ्रीझर येणार हे माहीत होतं. पण फ्रीझरच्या आतही एक पन्हळ असते आणि तिचा ढाळ मागे असतो, हे त्याला कोण सांगणार?

एवढ्या झुकावाने दोन गोष्टी झाल्या आणि त्या एकमेकींना मिळाल्या. फटीतून कोकणातल्या पावसाळ्याची हवा रात्रभर आत. २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असलेल्या एक घनमीटर हवेत चोवीस-पंचवीस ग्रॅम पाणी असतं. नागपूरच्या मे महिन्यातल्या ४२ अंशांच्या, १५ टक्के आर्द्रतेच्या हवेत जेमतेम आठ-नऊ. हाच फ्रीझर, हाच ओटा विदर्भात असता तर दुखणं कदाचित कित्येक वर्षं लपून राहिलं असतं. इथे कॉइलवर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त दव धरला, तो वितळून जास्त पाणी झालं, आणि नेमकं तेच पाणी भोकाकडे न जाता पुढे थांबून गोठलं. मागच्या वर्षी हीटर बदलणाऱ्याने कॉइल वितळवली, नवा हीटर टाकला, आणि पावसाळाही सरत आला होता. हिवाळ्यात-उन्हाळ्यात सगळं ठीक वाटलं.

दुरुस्ती

दोन माणसांच्या मदतीने फ्रीझर पुढून उचलला आणि पुढच्या दोन्ही पायांखाली पाऊण इंच जाडीची कडप्प्याची पट्टी सरकवली. अर्धा इंच ढाळ मोडण्यासाठी, पाव इंच मागे कल येण्यासाठी. पाय आट्यांवर वर-खाली करून बारीक फरक मिळवला. नुसते पाय बाहेर काढूनही एवढी उंची आली असती, पण दोन फुटी ओट्यावर उभं असलेलं, माणसापेक्षा उंच झालेलं मशीन लांब काढलेल्या स्क्रूंवर ठेवायला माझं मन धजत नाही. पट्टी दुसऱ्या दिवशी सिमेंटने पक्की करून घेतली आणि फ्रीझरच्या माथ्यामागून भिंतीला पट्टा मारला. भरलेले ड्रॉवर एकाच वेळी ओढणारं लहान मूल घरात आहे. कडप्प्याच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंनी ओट्यावरचं पाणी अजूनही पुढे वाहून जातं, म्हणजे काकांचाही हट्ट राहिला.

पन्हळीत पुन्हा वाटीभर पाणी ओतलं. सगळं गेलं, कडेला ओल तेवढी उरली. दार अर्ध्यावर सोडलं, ते आपणहून जाऊन चिकटलं.

हीटर त्याच वॅटचा टाकला. दुकानदाराकडे २०० वॅटचा होता आणि "बर्फ लवकर निघेल" म्हणून तो देत होता. जास्त वॅटचा हीटर पन्हळीभोवतीचं प्लास्टिक मऊ करतो आणि थर्मल फ्यूज उडवतो. मग पुढचा मेकॅनिक फ्यूज "डायरेक्ट" करून देतो, म्हणजे काढून वायरी जोडून टाकतो. बायमेटलही काही जण असाच डायरेक्ट करतात. ते झाल्यावर हीटरला थांबवणारा एकटा टायमर उरतो, आणि तो नेमका डीफ्रॉस्टवर अडकला तर फोम आणि प्लास्टिकच्या खोक्यात, ज्वालाग्राही गॅसशेजारी, हीटर चालूच राहतो. असं मशीन समोर आलं तर आधी ती जोडणी पूर्ववत करतो, बाकीचं नंतर.

पॅनेल बसवण्याआधी बायमेटल कॉइलच्या मूळ जागीच क्लिप केला. तो खाली हीटरजवळ लावला तर सर्किट लवकर तोडतो आणि वरचा बर्फ तसाच राहतो. हीही मेकॅनिक लोकांनी घातलेली एक कायमची चूक.

रिकामा फ्रीझर रात्रभर चालवला. माल हळूहळू दोन दिवसांत भरायला सांगितला, मागच्या पॅनेलच्या जाळ्यांसमोर पाकिटं टेकवू नका हेही. तिसऱ्या दिवशी जाऊन टायमर हाताने डीफ्रॉस्टवर नेला आणि मागच्या ट्रेपाशी टॉर्च घेऊन बसलो. काही मिनिटं गेली, मग थेंब, मग बारीक धार, मग पुन्हा थेंब. पॅनेलच्या जाळीतून थोडी वाफ दिसली. वेळ पूर्ण होण्याआधीच बायमेटलने हीटर तोडला, करंट शून्यावर आला. वरच्या ड्रॉवरमध्ये तेव्हा उणे २१, सर्वात खालच्यात उणे १९.

गणपतीच्या सुमारास पुन्हा त्या बाजूला गेलो होतो तेव्हा पॅनेल उघडून बघितलं. पन्हळ कोरडी, खालच्या वळणांवर पातळ पांढरा थर, रोजच्या डीफ्रॉस्टच्या आधी असायला हवा तेवढाच. कॉम्प्रेसर मधूनमधून थांबत होता.

काकूंना कामं लिहून दिली ती थोडीच. महिन्यातून एकदा दाराचं रबर कोमट साबणाच्या पाण्याने पुसायचं, खालचा कोपरा विसरायचा नाही. मागचा ट्रे वर्षातून दोनदा धुवायचा. आणि दिवाळीच्या साफसफाईत फ्रीझर हलवला, किंवा ओट्याच्या टाइल्स कधी बदलल्या, तर माल भरण्याआधी दार अर्धं उघडून सोडून बघायचं. आपणहून लागलं नाही, तर मला फोन करायच्या आधी पायाखालच्या पट्ट्या बघायच्या.